जुनी गाडी : व्यवहार डीलरशी, जबाबदारी आपली

काही महिन्यांपूर्वी इंदूरच्या आमच्या शाखेत एक निवृत्त शिक्षक आले. त्यांना मुदत ठेव मोडायची होती. ठेव मोडायला कोणी आले की आम्ही कारण विचारतो, कारण पुष्कळदा ठेव मोडण्यापेक्षा ठेवीवर कर्ज घेणे परवडते. काकांनी पिशवीतून एक कागद काढून माझ्यासमोर ठेवला. ते मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाचे समन्स होते. त्यांच्या नावावरच्या गाडीने शेजारच्या जिल्ह्यात एका मोटारसायकलस्वाराला धडक दिली होती आणि त्याच्या घरच्यांनी भरपाईचा दावा लावला होता. वकिलाच्या फीसाठी पैसे हवे होते.

“पण मॅडम, ती गाडी मी तीन वर्षांपूर्वीच डीलरला विकली. पैसे मिळाले, फॉर्मवर सह्या करून दिल्या. आता माझा काय संबंध?”

संबंध होता. डीलरने ती गाडी पुढे एकाला विकली, त्याने आणखी एकाला. पण आरटीओच्या नोंदीत नाव काकांचेच राहिले. मधल्या काळात विम्याची मुदत संपली आणि शेवटच्या माणसाने तो भरलाच नाही. विमा कंपनी नाही म्हटल्यावर दावेदारांचे वकील ज्याच्या नावावर गाडी आहे त्याच्याकडेच येणार.

जुनी गाडी घेणे किंवा विकणे हा अनेक घरांतला घरानंतरचा सर्वांत मोठा व्यवहार असतो. घर घेताना आपण वकील गाठतो, सात-बारा किंवा रजिस्ट्री तपासतो. गाडीच्या बाबतीत मात्र “डीलर सगळे करून देतो” यावर विश्वास ठेवून दोन तासांत मोकळे होतो. कर्ज विभागात बसल्यामुळे या दोन तासांचे परिणाम मला वरचेवर पाहावे लागतात. म्हणून हा लेख.

कायद्याच्या नजरेत मालक कोण?

गाडीची किल्ली ज्याच्या हातात तो मालक, असे आपण धरून चालतो. मोटार वाहन कायदा, १९८८ तसे धरत नाही. आरटीओच्या नोंदीत ज्याचे नाव, तो मालक. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या एका निकालात हे स्पष्ट केले. त्या प्रकरणात पहिल्या मालकाने गाडी २००७ मध्ये विकली होती. ती पुढे हस्ते परहस्ते जात राहिली, पण नोंद बदलली नाही. २००९ मध्ये अपघात झाला. भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर, म्हणजे त्या पहिल्या माणसावरच आली. न्यायालयाचे म्हणणे सरळ होते : अपघातात सापडलेल्या माणसाने गाडी कोणी कोणाला विकली याचा माग काढत फिरावे, अशी अपेक्षा करता येत नाही.

याच कायद्याच्या कलम ५० मध्ये नाव बदलण्याची मुदत दिलेली आहे. गाडी त्याच राज्यातली असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचे असते. दुसऱ्या राज्यातली असेल तर ४५ दिवसांत ना-हरकत प्रमाणपत्रासह कळवायचे असते. घेणाऱ्याला ३० दिवसांची मुदत आहे. त्यासाठी दोन फॉर्म लागतात. फॉर्म २९ म्हणजे गाडी हस्तांतरित केल्याची सूचना आणि फॉर्म ३० म्हणजे नाव बदलण्याचा अर्ज. म्हणजे नाव बदलण्याचे काम एकट्या घेणाऱ्याचे नाही. विकणाऱ्यावरही कायद्याने कर्तव्य टाकलेले आहे आणि ते पार पाडण्यात त्याचाच जास्त फायदा आहे.

विकताना : कोऱ्या फॉर्मवर सही नको

डीलरकडे गाडी द्यायला गेलो की टेबलावर फॉर्म २९ आणि ३० येतात. घेणाऱ्याच्या नावाची जागा कोरी, तारखेची जागा कोरी. “गिऱ्हाईक मिळाले की भरू, तुम्ही फक्त सह्या करा.” काकांनी हेच केले. डीलरची अडचण खरी आहे : गाडी आधी स्वतःच्या नावावर करायची आणि मग गिऱ्हाईकाच्या, यात दोनदा खर्च आणि दोनदा फेऱ्या होतात आणि गाडीच्या मालकांची संख्याही एकाने वाढते. पण त्याची अडचण सुटते ती आपल्या सहीवर. तो कोरा फॉर्म चार हातांतून फिरू शकतो, आणि तोवर गाडीने जे काही होईल ते आपल्या नावावर राहते.

यावर उपाय म्हणून केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. जुन्या गाड्यांचा धंदा करणाऱ्या डीलरने आता आरटीओकडून प्राधिकारपत्र घ्यायचे असते. ते पाच वर्षांसाठी असते. आपण अशा प्राधिकृत डीलरला गाडी दिली की फॉर्म २९-सी मध्ये गाडी सुपूर्द केल्याची सूचना परिवहन संकेतस्थळावर जाते. त्यानंतर गाडी त्याच्या ताब्यात असेपर्यंत डीलर हाच मानीव मालक समजला जातो. त्या काळात गाडी कुठे, कोणी, कशासाठी नेली याची नोंदवही त्याला ठेवावी लागते. चाचणी, प्रदर्शन, दुरुस्ती, रंगकाम अशा ठरावीक कामांसाठीच तो ती रस्त्यावर आणू शकतो.

आपल्यासाठी याचा अर्थ एवढाच की गाडी विकायला गेल्यावर किमतीआधी एक प्रश्न विचारावा : “तुमच्याकडे आरटीओचे प्राधिकारपत्र आहे का? माझ्यासमोर २९-सी भरणार का?” प्रत्येक कोपऱ्यावरच्या डीलरकडे ते असतेच असे नाही. नसेल तर दहा हजार रुपये कमी देणारा पण प्राधिकारपत्र असलेला डीलर परवडला. काकांना त्या वेळी दुसऱ्या एका डीलरने आठ हजार कमी सांगितले होते. आज ते त्या आठ हजारांची आठवण काढतात.

गाडी देताना पुढील गोष्टी न चुकता कराव्यात :

— गाडी ताब्यात दिल्याची पावती घ्यावी. तिच्यावर तारीख, वेळ, मीटरचे किलोमीटर, इंजिन क्रमांक, चासी क्रमांक, ठरलेली किंमत, डीलरचा शिक्का आणि सही हवी. वेळ लिहिण्याचे कारण असे की अपघात किंवा चलन त्याच संध्याकाळी झाले तरी गाडी कोणाच्या ताब्यात होती ते सांगता येते.

— भरलेल्या प्रत्येक फॉर्मची आणि डीलरच्या ओळखपत्राची प्रत ठेवावी. आपल्या आधार आणि पॅनच्या प्रतीवर “फक्त अमुक क्रमांकाच्या गाडीच्या विक्रीसाठी” असे आडवे लिहून तारीख घालावी.

— नाव बदलताना मोबाइलवर ओटीपी येतो. तो कशासाठी आला आहे तो संदेश पूर्ण वाचूनच सांगावा.

— फास्टॅग काढून, तो देणाऱ्या बँकेकडे बंद करावा. आमची स्वतःची गाडी विकली तेव्हा मी बँकेत काम करूनही हे विसरले. पंधरा दिवसांनी कधी न पाहिलेल्या टोल नाक्यावर पैसे कापल्याचा संदेश आला तेव्हा आठवण झाली. गाडी आपली नाही, पण टोल आपल्या खात्यातून!

— महिन्याभराने परिवहन संकेतस्थळावर किंवा एमपरिवहन ॲपवर गाडीचा क्रमांक टाकून पाहावे. नाव अर्धवट झाकलेले दिसते, पण बदलले की नाही ते कळते. बदलले नसेल तर डीलरला लेखी पत्र द्यावे आणि विक्रीची सूचना पुराव्यासह नोंदणी झालेल्या आरटीओला स्वतः रजिस्टर्ड पोस्टाने पाठवावी. फोनवरच्या “होऊन जाईल साहेब” या शब्दांना न्यायाधिकरणात किंमत नाही.

पैसे खात्यात, गाडी नंतर

गाडीचे पैसे शक्यतो आरटीजीएस, एनईएफटी किंवा आयएमपीएसने घ्यावेत, तेही डीलरच्या फर्मच्या खात्यातून. पैसे जमा झाल्याचा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे जमा होणे नव्हे. आपल्या खात्यात शिल्लक वाढली की नाही ते स्वतः पाहावे आणि मगच किल्ली द्यावी.

धनादेश घेतला तर तो वटेपर्यंत गाडी देऊ नये. पुढच्या तारखेचा धनादेश म्हणजे उधारीच. तो न वटता परत आला तर बँकेकडून तशी माहिती मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. नोटीस मिळाल्यावर समोरच्याला पैसे देण्यासाठी १५ दिवस असतात आणि ते संपल्यावर एक महिन्यात न्यायालयात तक्रार करावी लागते. या तारखा चुकल्या तर हातातला धनादेश दुबळा होतो. अनेक खातेदार “देतो म्हणाला आहे” म्हणत थांबतात आणि मुदत निघून जाते.

रोखीबद्दल एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. एका व्यवहारात दोन लाख रुपये किंवा त्याहून अधिक रोख घेणे आयकर कायद्याला मान्य नाही आणि दंड घेणाऱ्याला होतो, तोही घेतलेल्या रकमेइतका. गाडी विकणारे आपण असू तर घेणारेही आपणच. शिवाय काकांच्या प्रकरणात आज जो एक पुरावा उपयोगी पडतो आहे, तो त्यांच्या पासबुकातली नोंद आहे : अमुक तारखेला डीलरच्या फर्मकडून एक लाख चाळीस हजार जमा. रोख घेतले असते तर तेही नसते.

गाडीवर कर्ज असेल तर

कर्जावर घेतलेल्या गाडीच्या आरसीवर बँकेच्या किंवा फायनान्स कंपनीच्या नावाने हायपोथिकेशन, म्हणजे बोजा, नोंदवलेला असतो. कर्ज फिटले म्हणजे बोजा आपोआप उतरला, असे बऱ्याच जणांना वाटते. तसे नाही. कर्ज देणाऱ्याकडून ना-हरकत पत्र आणि त्याच्या सहीचा फॉर्म ३५ घेऊन आरटीओकडे बोजा उतरवून घ्यावा लागतो. या ना-हरकत पत्राला सहसा तीन महिन्यांची मुदत असते. ते कपाटात ठेवून विसरले की पुन्हा नवे मागावे लागते.

येथे रिझर्व्ह बँकेचा एक नियम खातेदारांच्या बाजूने आहे. १ डिसेंबर २०२३ पासून, वैयक्तिक कर्ज पूर्ण फिटल्यावर कर्ज देणाऱ्या संस्थेने मूळ कागदपत्रे ३० दिवसांत परत करायची आणि नोंदवलेला बोजा हटवायचा आहे. तिच्याकडून उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. म्हणून शेवटचा हप्ता भरला की त्याच आठवड्यात लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी.

कर्ज चालू असताना डीलर म्हणतो, “बाकी हप्ते मी भरतो, गाडी द्या.” हे कधीही मान्य करू नये. त्याने हप्ते थकवले तर बिघडेल आपला सिबिल स्कोअर आणि वसुलीचा फोन येईल आपल्याला. कर्ज खाते बंद करण्यासाठी लागणाऱ्या रकमेचे पत्र बँकेकडून घ्यावे, डीलरला ती रक्कम थेट कर्ज खात्यात भरायला लावावी आणि उरलेली आपल्या बचत खात्यात घ्यावी.

घेताना : आधी कागद, मग गाडी

डबे पोहोचवण्याचा व्यवसाय करणारे एक जोडपे आमच्याकडे जुन्या व्हॅनसाठी कर्ज मागायला आले होते. चार वर्षे आवर्ती ठेव चालवून त्यांनी एक लाख जमवले होते. व्हॅन पसंत झाली होती, टोकन म्हणून २५,००० रुपये डीलरच्या वैयक्तिक यूपीआयवर गेलेही होते. आरसीवर एका फायनान्स कंपनीचा बोजा होता आणि डीलरने ना-हरकत पत्राची झेरॉक्स दिली होती. “कर्ज फिटलेले आहे, फक्त नोंद राहिली.” आम्ही नियमाप्रमाणे त्या कंपनीकडे विचारणा केली. कर्जाचे नऊ हप्ते बाकी होते. ते पत्र त्यांनी दिलेलेच नव्हते.

अर्ज बँकेत आला म्हणून हे उघड झाले. त्यांनी घरचे दागिने ठेवून रोख पैसे उभे केले असते, तर एखाद्या दिवशी वसुलीची माणसे येऊन व्हॅन घेऊन गेली असती. टोकनचे पैसे परत मिळवायला त्यांना तीन महिने लागले, कारण पावतीवर “व्यवहार न झाल्यास परत” असे काहीच लिहिलेले नव्हते.

म्हणून गाडी पाहायला जाण्याआधी क्रमांक मागून घ्यावा आणि घरी बसून तपासावे. परिवहन संकेतस्थळावर नोंदणीची तारीख, इंधन, मालकाचा अनुक्रम, विमा व पीयूसीची मुदत आणि बोजा दिसतो. ई-चलनाच्या संकेतस्थळावर थकलेली चलने कळतात. चोरीच्या गाडीसाठी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची ऑनलाइन चौकशी सेवा आहे. बोजा दिसला तर झेरॉक्सवर न जाता कर्ज देणाऱ्या शाखेशी स्वतः संपर्क साधावा. नोंदणीकृत मालक हयात नसेल तर आधी वारसाच्या नावावर गाडी झालेली असली पाहिजे. मृत व्यक्तीच्या नावाने “आधीच सही केलेला” फॉर्म पुढे आला तर तिथूनच परत फिरावे.

मग गाडी पाहावी, तीही दिवसाउजेडी आणि आपल्या ओळखीचा मेकॅनिक बरोबर घेऊन. त्याला दिलेले पाचशे-हजार रुपये वाया जात नाहीत. इंजिन आणि चासी क्रमांक आरसीवर, विमा पॉलिसीवर आणि प्रत्यक्ष गाडीवर असे तीन ठिकाणी जुळवावेत. क्रमांक घासलेला किंवा पुन्हा ठोकलेला दिसला तर पुढे बोलू नये. आठ वर्षांची गाडी, मीटरवर २८ हजार किलोमीटर आणि क्लचच्या पेडलचे रबर मात्र झिजून गुळगुळीत, तर मीटर मागे फिरवलेले असू शकते. अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या नोंदी मागवून किलोमीटर पडताळावेत.

पुरात बुडालेल्या गाड्या हा वेगळा धोका आहे. दुरुस्तीचा खर्च विम्यात धरलेल्या किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला तर विमा कंपनी गाडी पूर्ण नुकसान झालेली मानते. अशी गाडी भंगाराच्या भावाने विकली जाते आणि रंगरंगोटी करून दूरच्या शहरात पुन्हा बाजारात येऊ शकते. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून पाहावा, आत चिखलाची रेघ राहिलेली असते. मॅटखालचा पत्रा, सीटचे नटबोल्ट, स्टेपनीची जागा येथे गंज आणि कुबट वास शोधावा.

परराज्यातली गाडी स्वस्त का असते?

दिल्ली आणि आसपासच्या भागात जुन्या डिझेल आणि पेट्रोल गाड्यांवर वयाची बंधने आल्यापासून तिथल्या गाड्या बाहेरच्या राज्यांत कमी भावाने मिळतात. नोकरीनिमित्त नाशिक-पुण्याहून इंदूर, बडोदा किंवा हैदराबादला आलेले आपले लोकही एमएच क्रमांकाच्या गाड्या विकून जातात. किंमत चांगली दिसते, पण गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर तिथे नव्याने क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म २८, आणि नव्या राज्याचा रस्ता कर लागतो. जुन्या राज्यातल्या कराचा परतावा पहिल्या आरटीओकडे अर्ज करून मागायचा असतो आणि तो आपल्या हाती पडेपर्यंत वेळ जातो. हा सगळा खर्च किमतीत मिळवून मगच “स्वस्त” म्हणावे.

तसेच खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण करावे लागते आणि त्याचे शुल्क नव्या नोंदणीपेक्षा बरेच जास्त आहे. तेरा-चौदा वर्षांची गाडी घेताना हा खर्च दारात उभा आहे असे समजावे.

डीलर की दलाल?

काही डीलर गाडी स्वतः विकत घेऊन मग विकतात. काही जण फक्त दोघांची गाठ घालून देऊन दोन्हीकडून कमिशन घेतात. कागदावर नीट पाहावे. विक्रीचा कागद दोन खासगी व्यक्तींमध्ये असेल आणि डीलरचे नाव कुठेच नसेल, तर उद्या दोष निघाल्यावर तो “मी फक्त ओळख करून दिली” म्हणेल. म्हणून डीलरच्या फर्मचे, जीएसटी क्रमांकाचे बिल मागावे आणि तोंडी दिलेली प्रत्येक हमी त्यावर लिहून घ्यावी : अपघात झालेला नाही, पुरात बुडालेली नाही, किलोमीटर खरे आहेत, इतक्या दिवसांत नाव बदलून देऊ, न दिल्यास पैसे परत. “जशी आहे तशी” एवढेच छापलेले बिल आले तर सही करण्याआधी थांबावे.

जीएसटीच्या नावाखालीही जादा पैसे मागितले जातात. १६ जानेवारी २०२५ पासून जुन्या गाड्यांवर सर्वत्र १८ टक्के दर आहे, पण तो नोंदणीकृत डीलरच्या नफ्यावर, पूर्ण किमतीवर नाही. डीलरने गाडी ३,००,००० ला घेऊन ३,५०,००० ला विकली तर कर ५०,००० वर, म्हणजे ९,००० रुपये. साडेतीन लाखांवर ६३,००० मागणारा चुकीचे सांगतो आहे. दोन खासगी व्यक्तींमधल्या व्यवहारावर हा कर नाही.

कर्जाचा हिशेब

डीलरच्या टेबलावरच कर्ज मिळते आणि तिथे बहुधा “फक्त ९ टक्के” असे ऐकू येते. विचारावे : फ्लॅट की घटत्या शिलकीवर? समजा २,५०,००० रुपये तीन वर्षांसाठी घेतले. ९ टक्के फ्लॅट म्हणजे वर्षाला २२,५०० प्रमाणे ६७,५०० रुपये व्याज आणि सुमारे ८,८२० रुपयांचा हप्ता. तेच कर्ज १२ टक्क्यांनी घटत्या शिलकीवर घेतले तर हप्ता सुमारे ८,३०० आणि एकूण व्याज सुमारे ४९,०००. म्हणजे “९ टक्के” हे “१२ टक्क्यां”पेक्षा १८,५०० रुपयांनी महाग! फ्लॅट पद्धतीत फेडलेल्या मुद्दलावरही व्याज चालूच राहते, म्हणून त्या ९ टक्क्यांचा खरा दर १६ टक्क्यांच्या वर जातो.

१ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या किरकोळ कर्जांसाठी बँक किंवा फायनान्स कंपनीने मुख्य तथ्य पत्रक देणे बंधनकारक आहे. त्यात सर्व शुल्के धरून वार्षिक खरा दर लिहिलेला असतो. दोन ठिकाणची पत्रके शेजारी ठेवून तोच आकडा जुळवावा.

विमा : गाडीचा की माणसाचा?

गाडी विकली गेली की तिसऱ्या पक्षाचा विमा कायद्यानेच नव्या मालकाकडे जातो असे मानले जाते. पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे संरक्षण तसे आपोआप जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच हा फरक सांगितला आहे. घेणाऱ्याने १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करून पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यावी. नाहीतर गाडी ठोकली गेल्यावर दावा अडतो.

नो क्लेम बोनस मात्र माणसाचा असतो, गाडीचा नाही. विकणाऱ्याने विमा कंपनीकडून त्याचे पत्र घेऊन ठेवावे. ते तीन वर्षांत नव्या गाडीच्या विम्यासाठी वापरता येते आणि ही सवलत ५० टक्क्यांपर्यंत असू शकते. घेणाऱ्याने “बोनस गाडीबरोबर मिळेल” हे डीलरचे म्हणणे खरे मानू नये.

फसवणूक झाली तर

ऑनलाइन जाहिरात पाहून टोकन पाठवले आणि समोरचा गायब झाला, तर लगेच १९३० वर फोन करावा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता अधिक. “सैन्यात आहे, बदली झाली, म्हणून स्वस्तात देतो” असे सांगून गाडी न दाखवता पैसे मागणारे अनेक आहेत. आणि पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. विकणाऱ्याला कोणी क्यूआर कोड पाठवून पिन टाकायला सांगितले तर तो पैसे काढतो आहे.

डीलरने सदोष गाडी दिली किंवा नाव बदलून दिले नाही, तर आधी लेखी नोटीस द्यावी. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. त्यानेही न सुटल्यास जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, तीही आपण राहतो त्या जिल्ह्यात. मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. बँक किंवा फायनान्स कंपनीबद्दल तक्रार असेल तर आधी त्यांच्याकडे लेखी द्यावी. ३० दिवसांत समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे.

काकांची ठेव आम्ही मोडली नाही. त्या ठेवीवर थोडे कर्ज दिले, त्यातून वकिलाची फी गेली. पासबुकाचा प्रमाणित उतारा दिला, तो त्यांच्या वकिलाने जोडला आहे. दावा अजून चालू आहे आणि निकाल काय लागेल ते मला सांगता येणार नाही. पण परवा ते शाखेत आले ते शेजाऱ्याला बरोबर घेऊन. शेजाऱ्याला गाडी विकायची होती. “मॅडम, यांना तो २९-सी समजावून सांगा,” काका म्हणाले, “आणि म्हणावे, कोऱ्या कागदावर सही नको.”

आपल्या घरात विकलेली एखादी जुनी गाडी किंवा स्कूटर असेल, तर आज संध्याकाळी तिचा क्रमांक परिवहन संकेतस्थळावर टाकून पाहा. नाव अजून आपलेच दिसले, तर उद्या सकाळी आरटीओला जा.